डायआर्थ्रोसिस हा आजार नव्हे

‘डायआर्थ्रोसिस हा संधिवाताचाच एखादा प्रकार का? आणि त्याला मराठीत काय म्हणावं?’ असा प्रश्न आला आहे. पहिल्या भागाचं उत्तर: नाही. मोकळेपणाने हलणाऱ्या सांध्याचं हे नाव आहे. गुडघा, कोपर, खांदा, खुबा, बोटांचे सांधे. हाडांची टोकं कूर्चेने मढवलेली, मधे पोकळी, तिच्यात वंगणासारखा द्रव. गुडघा ठणठणीत असला तरी तो डायआर्थ्रोसिसच.

शेवटी ‘ओसिस’ ऐकू आलं की रोग समजायचा, ही खोड चांगल्या शिकलेल्या माणसांनाही आहे आणि ती फार खटकते. ग्रीकमध्ये हा प्रत्यय क्रियेचं किंवा तिच्यातून आलेल्या अवस्थेचं नाव बनवतो. मेटामॉर्फोसिस म्हणजे रूपांतर, सिंबायोसिस म्हणजे सहजीवन. यांत कुठला आजार? सांध्याचा दाह तो आर्थ्रायटिस. ‘द्विसंधी’ असं भाषांतर करणारे तर आणखी भलतीकडे जातात. इथला उपसर्ग ‘दि’ नाही, ‘दिआ’ आहे. आरपार, वेगवेगळं करत जाणं, असा त्याचा भाव.

आता खरी गंमत. ॲरिस्टॉटलने हा शब्द बोलण्यासाठी वापरला आहे! आवाज अनेक प्राण्यांना असतो; पण जिभेने त्या आवाजाचं ‘दिआर्थ्रोसिस’ होतं तेव्हा बोली होते, असं तो म्हणतो. म्हणजे सलग आवाजाला सांधे पाडायचे, तो सुटा सुटा करायचा. पुढे दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेन हाडांच्या जोडण्यांचे प्रकार सांगताना हाच शब्द वापरतो. स्पष्ट बोलण्याला इंग्रजीत ‘आर्टिक्युलेट’ म्हणतात तेही लॅटिन ‘आर्टिक्युलस’वरून, म्हणजे छोटा सांधा. ग्रीक वैयाकरणांनी तर उपपदालाच (इंग्रजीत जसं ‘द’) ‘आर्थ्रॉन’ म्हटलं. इंग्रजी ‘आर्टिकल’ त्याच वाटेने आलं.

आपल्या वैयाकरणांनीही सांध्याचाच शब्द उचलला: संधी. पण ग्रीकांना सांध्यात आवाज सुटा होताना दिसला, आपल्यांना दोन वर्ण एक होताना दिसले. माझं ठाम मत आहे की सांध्याचं पूर्ण वर्णन या दोन दृष्टी एकत्र केल्याशिवाय होत नाही. हाडं अलग असतात म्हणून हलतात, आणि बांधलेली असतात म्हणून निखळत नाहीत. ‘आर्थ्रॉन’चा मूळ धातू ‘नीट बसवणे’ या अर्थाचा, आणि संस्कृत ‘अर’ त्याच कुळातला. तुंब्यात नीट बसवलेला तो अर, म्हणजे आपल्या चाकाचा आरा. इतका जवळचा नातलग घरात असताना हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

मराठी प्रतिशब्द? ‘चल सांधा’ चालेल, अर्थ पोचतो. ‘सायनोव्हियल सांधा’ हा मात्र पर्याय म्हणून देऊ नका. ते नाव रचनेवरून, म्हणजे वंगणासारख्या द्रवाच्या त्या पोकळीवरून आहे, डायआर्थ्रोसिस हालचालीवरून. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि कमरेचं रुंद हाड यांच्यामधला सांधा सायनोव्हियल आहे, पण हलतो अगदी नाममात्र.

मला स्वतःला सुश्रुताचा शब्द हवा आहे. शारीरस्थानात तो सांगतो: ‘सन्धयस्तु द्विविधाश्चेष्टावन्तः स्थिराश्च’. हातपाय, जबडा आणि कंबर इथले सांधे चेष्टावंत, म्हणजे हलणारे, बाकीचे स्थिर. पुढे आकारावरून आठ प्रकार पाडताना काख आणि जांघेतल्या सांध्यांना तो ‘उलूखल’ म्हणतो, म्हणजे उखळ. खांद्याच्या नि खुब्याच्या खोबणीला याहून नेमकं नाव कुणी दिलेलं नाही. दात हलणारे सांधे नसूनही त्यांना तो उलूखलातच घालतो, कारण तिथे तो आकार पाहतो आहे. म्हणून त्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी आधी वर्गीकरणाचा निकष वाचावा.

‘चेष्टावंत’ सुचवलं की जाणकार म्हणवणारेच सांगतात, नको, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, लोक हसतील. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. चेष्टा म्हणजे हालचाल, आणि तो अर्थ मराठीत आजही जिवंत आहे. एखादा माणूस निश्चेष्ट पडला असं आपण म्हणतो, तेव्हा त्याची थट्टा थांबली असा अर्थ कुणी घेत नाही.