बॉक्सिंगमध्ये क्लोज राउंडला जजेसचे मार्क इतके वेगळे कसे? हे सगळं सेटिंगच असतं ना?

नाही, सगळं सेटिंग नसतं. मी स्वतः जजच्या खुर्चीवर बसलोय, इथे इंदूरात, शाळांच्या स्पर्धेत, आणि त्यातल्या एका राउंडवरून आमच्याकडे अजूनही दर दिवाळीला फराळाबरोबर भांडण होतं, म्हणून लिहितोय.

लाल कॉर्नरला आमच्या जिजाजींच्या दुकानाशेजारच्यांचा मुलगा. तगडा पोरगा, हात सतत चालू, सारखा पुढे पुढे, आणि त्याने नुसता हात उचलला तरी मागून अख्खं रामबाग ओरडतंय. निळा सडपातळ, मागे सरकायचा, बाजूला व्हायचा आणि लाल आत शिरला की सरळ जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा, तोंडावर. पहिला राउंड लालचा, दुसरा निळ्याचा, त्यात कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्यात लालने ठोसे मारले भरपूर पण बरेचसे ग्लोव्ह्जवर, दंडावर, खांद्यावर. अहो, मार्कांना ठोसा धरायचा तो मुठीच्या पुढच्या भागाने चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूला नाहीतर बेल्टच्या वर अंगावर नीट बसलेला. गार्डवर धबाधब मारलं तर आवाज होतो, बाकी काही होत नाही. मी राउंड निळ्याला दिला, 10-9, म्हणजे निळ्याला 10 मार्क, लालला 9. पाचातल्या तिघांनी निळ्याला दिला, दोघांनी लालला, आणि फाइट निळ्याची झाली.

त्याच रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाता खाता जिजाजी सुरू. "भिया, मागे पळणारा कधी जिंकतो का?" मी म्हटलं जिजाजी, तुम्ही बसला होतात लालच्या कॉर्नरमागे आणि तिसरा राउंड जवळजवळ सगळा समोरच्या रोप्सपाशी झाला, तुम्हाला दिसणार त्याची पाठ आणि चालणारे हात, जॅब त्याच्या नाकावर बसला तो कुठून दिसणार? तर म्हणाले, म्हणजे बाकीचे दोन जज पण आंधळे का. आंधळे नाहीत हो, ते दुसऱ्या बाजूला बसले होते! जजेस रिंगभोवती वेगवेगळ्या बाजूंना बसवतात ते ह्याचसाठी. एकाला ठोसा बसलेला दिसतो, दुसऱ्याला त्याच क्षणी कोणाचातरी खांदा दिसतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे. उरलेलं असं की अमॅच्युअरमध्ये राउंड बरोबरीत सोडताच येत नाही, केसाएवढा फरक असला तरी एकाला 10 आणि दुसऱ्याला 9 द्यावेच लागतात. मग कार्डवर तो केसाएवढा फरक पण पुऱ्या राउंडसारखाच दिसतो.

आणि राउंड जिंकणं वेगळं, फाइट जिंकणं वेगळं. टोकियो ऑलिंपिकला, 2021 मध्ये, मेरी कोमने कोलंबियाच्या व्हॅलेन्सियाविरुद्ध दुसरा आणि तिसरा राउंड 3-2 ने घेतला, तरी हरली, कारण पहिला 1-4 ने गेला होता.  तिन्ही राउंडची बेरीज प्रत्येक जजच्या कार्डावर वेगळी होते, आणि जास्त जजेसची कार्डं ज्याच्याकडे तो जिंकतो. तेव्हा पण जिजाजींचा फोन आला होता, "बघ, परत तेच केलं तुमच्या लोकांनी."

त्यांचा आवडता उपाय म्हणजे मशीनने मोजा. मोजून झालंय की! सोल ऑलिंपिकला, 1988 मध्ये, अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियाच्या पार्क सी-हूनला इतकं मारलं तरी जजेसनी जोन्सलाच 3-2 ने हरवलं, त्या बोभाट्यानंतर 1992 पासून 2012 पर्यंत ऑलिंपिकला जजेसच्या हातात बटणंच होती, पाचातल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच पॉइंट. मग काय, पोरं नुसती टिचकी मारून पळायला लागली. म्हणजे जिजाजींच्या मशीनने जिजाजींचा लाल आणखीनच हरला असता, हे मी त्यांना सांगितलंय, ते विषय बदलतात.

हां, सेटिंग होतच नाही असं नाही म्हणत मी. रिओ ऑलिंपिकला, 2016 मध्ये, झालं, नंतर चौकशीच्या रिपोर्टात तसं स्पष्ट आलं, आणि तिथले सगळे 36 रेफ्री-जज बाजूला केले होते. त्यामुळे शंका घ्या, पण कशावर घेताय ते बघा. कनेलो-गोलोव्हकिन ह्या 2017 च्या प्रोफेशनल फाइटला एका जजने 115-113 गोलोव्हकिनला दिले, एकाने 114-114, हे समजू शकतं, क्लोज राउंड इकडेतिकडे झाले. तिसरीने 118-110 कनेलोला दिले, म्हणजे 12 पैकी 10 राउंड! असं कार्ड दिसलं की खुशाल बोंबला. एका राउंडच्या 10-9 वर नको.

आणि पुढची फाइट टीव्हीचा आवाज बंद करून बघा, कॉमेंट्री आणि पब्लिक दोन्ही बंद, नुसते बसलेले ठोसे बघा. आमच्या त्या तिसऱ्या राउंडचा व्हिडिओ जिजाजींच्याच मोबाइलमध्ये आहे, किती वेळा म्हटलं म्यूट करून लावा एकदा सगळ्यांसमोर, दरवेळी ह्यांची बॅटरी संपलेली असते.