जुन्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रे आज का पाहावीत?

टोरंटो विद्यापीठाच्या थॉमस फिशर ग्रंथालयातील १५२२ ते १८६७ या काळातील शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांचा ‘ॲनाटोमिया’ हा चित्रसंग्रह एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल का, असे आपण विचारले आहे. मी हा विषय शिकवतो आणि माझे उत्तर असे की तो अवश्य पाहावा, पण परीक्षेसाठी नव्हे. परीक्षेला नेहमीची क्रमिक पुस्तके पुरेशी आहेत.

संग्रहात सुमारे ४,५०० पूर्णपान चित्रे आहेत. सुरुवात शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियस याच्या १५४३ साली बासेलला छापलेल्या ग्रंथापासून करावी. माकडांसारख्या प्राण्यांच्या विच्छेदनावर आधारलेले प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनचे म्हणणे तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले होते. माणसाच्या खालच्या जबड्याचे हाड दोन नसून एकच आहे, हे व्हेसेलियसने स्वतः विच्छेदन करून दाखवले. त्याच्या लाकडी ठशांवरील चित्रांत प्रत्येक स्नायूवर बारीक अक्षर कोरलेले आहे आणि त्याचा खुलासा मजकुरात येतो. म्हणून ती चित्रे मजकुरापासून तोडून पाहू नयेत.

मला स्वतःला अधिक गुंतवून ठेवतो तो डच शरीररचनाशास्त्रज्ञ बिडलूचा १६८५ सालचा ॲम्स्टरडॅमचा ग्रंथ. त्याचा चित्रकार लेरेस याने विच्छेदनाच्या टेबलावर जे दिसले ते गाळले नाही: स्नायू ताणून धरणाऱ्या टाचण्या, बांधलेल्या दोऱ्या, एका चित्रात तर शवावरील कापडावर बसलेली माशीसुद्धा. डिसेक्शन हॉलमध्ये उभे राहिलेल्या कोणालाही हे चित्र खरे वाटेल. याउलट शरीररचनाशास्त्रज्ञ अल्बिनसच्या १७४७ सालच्या ग्रंथासाठी चित्रकार वांडेलार याने सांगाड्यासमोर दोऱ्यांची जाळी लावून मापे घेतली आणि अनेक देहांच्या निरीक्षणातून एक आदर्श देह उभा केला. आपल्या आजच्या पुस्तकांतील नीटनेटकी चित्रे बहुतांशी या दुसऱ्या वाटेची आहेत, आणि प्रत्यक्ष देह पाहून विद्यार्थी गोंधळतो याचे एक कारण, माझ्या मते, हेच आहे.

चित्रकारांची नावे मात्र आवर्जून शोधावीत, कारण ती सहज मागे पडतात. इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ हेन्री ग्रे याच्या १८५८ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाची चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने हाच विषय शिकवला, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

संग्रह चाळताना एकच भाग, उदाहरणार्थ हात, निवडावा आणि या ग्रंथांतील त्याची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.