डॉज रॅम आणि रॅम या दोन वेगळ्या कंपन्या आहेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: टेक्सासमधल्या तुमच्या भावाने वापरलेला पिकअप घेतला, त्याच्या कागदांवर ‘२०१० डॉज रॅम १५००’ लिहिलंय. शेजाऱ्याकडे डिट्टो तशीच २०१२ ची गाडी आहे, पण तिच्या कागदांवर डॉजचं नावच नाही, नुसतं ‘रॅम १५००’. मग कंपनी विकली गेली का, आणि एकीचे पार्ट दुसरीला बसतील का?

मी पुण्यात अमेरिकन गाड्यांच्या सुट्या भागांचे कॅटलॉग बनवण्याचं काम करते, त्यामुळे हा गोंधळ माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. आधी सरळ उत्तर देते. गाडी बनवणारं घराणं एकच, क्रायस्लर. वाटणी झाली ती नावाची. आणि या दोन गाड्यांचे बहुतेक पार्ट एकमेकींना चालतात.

आता हे झालं कसं ते सांगते.

डॉज हे मुळात आडनाव. जॉन आणि होरेस हे डॉज बंधू डेट्रॉइटमध्ये फोर्डसाठी इंजिनं आणि गिअरबॉक्स बनवायचे. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार काढली. १९२० मध्ये दोघेही भाऊ काही महिन्यांच्या अंतराने वारले आणि १९२८ मध्ये क्रायस्लरने ती कंपनी विकत घेतली. एडका, म्हणजे इंग्रजीतला ‘रॅम’, आला त्यानंतर. १९३२ च्या सुमारास डॉजच्या बोनेटवर शिंगं वळवलेल्या एडक्याची छोटी मूर्ती बसू लागली, म्हणजे तेव्हा रॅम हा फक्त दागिना होता. पुढे डॉजच्या बहुतेक पिकअपना नाव नसायचं, अक्षर-आकडे असायचे. १९८१ च्या मॉडेलपासून त्या पिकअपना ‘रॅम’ हे नाव मिळालं. १९९४ मध्ये मोठ्या ट्रकसारखं उंच नाक असलेली नवी रॅम आली, सोबत १५००, २५००, ३५०० हे आकडे आले, आणि तिथून हे नाव अमेरिकेत घराघरात पोचलं. कमिन्सचं डिझेल इंजिन त्याआधीच, १९८९ च्या मॉडेलपासून मिळत होतं. शेतकरी आणि ठेकेदार मंडळी या गाडीकडे वळली त्यात त्या इंजिनाचा वाटा फार मोठा आहे.

म्हणजे बोनेटवरचा दागिना आधी मॉडेल झाला आणि मग ब्रँड. त्यातली शेवटची पायरी २००९ ची. त्या वर्षी एप्रिलमध्ये क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला, जूनमध्ये कारभार इटलीच्या फियाटकडे आला. नोव्हेंबरमध्ये फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी पाच वर्षांची योजना मांडली, त्यात रॅम हा डॉजपासून वेगळा ब्रँड ठरला. डॉजकडे चार्जर, चॅलेंजर अशा जोरकस मोटारी राहिल्या आणि पिकअप रॅमकडे गेले. एडक्याचं डोकंही रॅमच्या वाट्याला आलं. इतकी वर्षं डॉजची ओळख असलेलं ते चिन्ह गेल्यावर डॉजने आपलं नाव दोन तिरप्या लाल पट्ट्यांसह लिहायला सुरुवात केली.

त्या वेळी पुष्कळांना वाटलं की रॅम वेगळी काढून विकायची तयारी चालली आहे. पण फियाटच्या घरची रीत पाहिली तर वेगळंच दिसतं. फियाटने २००७ मध्येच आपल्या व्हॅन आणि मालवाहू गाड्या ‘फियाट प्रोफेशनल’ या वेगळ्या नावाखाली नेल्या होत्या. तोच हिशोब अमेरिकेत लागू झाला. चॅलेंजर घेणारा तरुण आणि हौद्यात सिमेंटच्या गोण्या टाकणारा ठेकेदार यांना एकाच जाहिरातीत बांधून ठेवण्यात अर्थ नव्हता. शिवाय फियाटच्या व्हॅन अमेरिकेत विकायला एक घर हवं होतं. २०१४ चं मॉडेल म्हणून आलेली रॅम प्रोमास्टर ही मुळात फियाटची डुकाटो. मला स्वतःला ही वाटणी पटते. गिऱ्हाईक खरोखरच दोन प्रकारचं होतं आणि ‘रॅम’ या नावात एकट्याने उभं राहण्याचा दम होता.

असं दर वेळी जमतंच असं नाही. त्याच कंपनीने वेगवान गाड्यांसाठी ‘एसआरटी’ असा ब्रँड वेगळा काढला आणि २०१३ ची व्हायपर त्या नावाने विकली. वर्ष-दोन वर्षांतच ती पुन्हा डॉज व्हायपर झाली. लोकांनी तिला कधी दुसऱ्या नावाने हाक मारलीच नव्हती.

आता पार्टचा प्रश्न, कारण खिशाला झळ बसते ती इथे. घोषणा २००९ ची असली तरी अमेरिकेत पुढच्या वर्षाचं मॉडेल आधीच्या वर्षीच बाजारात येतं. त्यामुळे कॅटलॉग, विमा, दुकानांची यादी सगळीकडे २०१० पर्यंत ‘डॉज’ आणि २०११ पासून ‘रॅम’ अशी रेघ आहे. २०१२ च्या गाडीसाठी ‘डॉज’ निवडलंत तर यादीत पिकअप दिसणारच नाही. डकोटा नावाचा लहान पिकअप तर शेवटचं एकच वर्ष, २०११ ला, रॅमच्या नावावर निघाला आणि बंद झाला.

पण लोखंड त्या रेघेवर बदललं नाही. १५०० ची नवी बॉडी आली २००९ च्या मॉडेलला, तेव्हा ती डॉजच होती. पुढचा मोठा बदल झाला २०१३ ला: आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ३.६ लिटरचं नवं व्ही-सिक्स इंजिन, आणि हायड्रॉलिकच्या जागी इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. म्हणून २०१० ची ‘डॉज’ आणि २०१२ ची ‘रॅम’ सख्ख्या बहिणी आहेत, पण २०१२ ची रॅम आणि २०१३ ची रॅम यांचे स्टिअरिंगचे भाग जुळत नाहीत, जरी दोघींवर नाव एकच असलं तरी. नाव पाहून पार्ट मागवणारा नेमका इथे फसतो.

चॅसिस नंबरने तर अजून एक वर्ष उशीर केला. २०१० च्या डॉज रॅम १५०० चा नंबर साधारण ‘१डी७’ने सुरू होतो. नाव बदललेल्या २०११ च्या रॅमवरही तेच ‘१डी७’ सापडतं, आणि २०१२ पासून ‘१सी६’ येतं. वाटणी झाली तरी सातबारा वर्षभर जुन्याच नावावर राहावा, तसं हे.

फोर्डकडेही असाच एक सापळा आहे. १९९९ मध्ये एफ-२५० नावाचे दोन पिकअप एकाच वर्षी निघाले. एक एफ-१५० च्या बॉडीचा, दुसरा सुपर ड्यूटी. पहिल्याच्या चाकाला सात बोल्ट, दुसऱ्याच्या चाकाला आठ. फोर्डने तिथे ब्रँड वेगळा केला नाही, फक्त ‘सुपर ड्यूटी’ हे दोन शब्द लावले, आणि दुकानदार आजही आधी ‘बोल्ट मोजा’ म्हणतात.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉजचे ट्रक आपल्या मुंबईतही जोडले जायचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा क्रायस्लरशी करार होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून त्याच बनावटीचा ट्रक कधी डॉज, तर कधी फार्गो नावाने बाहेर पडायचा. मोटारींचंही तेच, एकाच सांगाड्यावर डॉज, प्लिमथ, डी सोटो. आणि ५० च्या दशकात त्याच कंपनीने फियाट ११०० जोडायला घेतली, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. फियाट आणि क्रायस्लर अमेरिकेत २००९ ला एकत्र आल्या, कुर्ल्यात त्या कितीतरी आधी शेजारी-शेजारी नांदत होत्या.

भावाला एवढंच सांगा: समोरच्या काचेच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला, बाहेरून वाचता येणारी सतरा अक्षर-आकड्यांची चॅसिस नंबरची पट्टी असते. तिच्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: ‘ए’ म्हणजे २०१०, ‘बी’ २०११, ‘सी’ २०१२, ‘डी’ २०१३. आठवं अक्षर इंजिनाचं, ‘टी’ असेल तर ५.७ लिटरचं हेमी. पार्ट मागवताना दुकानदाराला पूर्ण नंबरच द्यायचा. आणि उद्या शेजाऱ्याने नवी गाडी घेतली, २०१९ ते २०२४ मधली, तर ती ‘१५००’ आहे की ‘१५०० क्लासिक’ हे आधी विचारायला सांगा. त्या काळात कंपनी जुन्या बॉडीची रॅम ‘क्लासिक’ म्हणून आणि नव्या बॉडीची नुसती ‘१५००’ म्हणून, दोन्ही एकाच वेळी विकत होती. भावाच्या २०१० च्या डॉजशी नातं सांगेल ती त्यातली क्लासिक.