ट्रे माझ्यावरून पुढे जातो

"मॅडम, दहा वर्षांच्या मुलीनं बाप्तिस्मा घ्यावा का? लवकर होतंय का हे?"

हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, आणि बहुतेक वेळा ईस्टरच्या आधी, बाप्तिस्म्याचे वर्ग सुरू झाले की. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. सात, बारा, अठरा, काहीही सांगा, पण सांगा. या वेळी विचारणारा बाप होता. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तो मूळचा नगरकडचा. घर चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं, त्यामुळे तीन महिन्यांचा असतानाच त्याचा बाप्तिस्मा झालेला. बायको पुण्यातल्या एका स्वतंत्र मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. तिथे समजत्या वयात, विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देतात. म्हणून मुलगी झाली तेव्हा मंडळीत तिचं अर्पण झालं, म्हणजे प्रार्थना करून तिला देवाच्या हाती सोपवलं; बाप्तिस्मा नाही. आता मुलीनं आपण होऊन पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना सांगितलं, मला घ्यायचाय. आई हरखून गेलेली. बाप म्हणतो, थांबू. नगरची आजी म्हणते, दहा वर्षं उशीर आधीच झालाय, अजून काय थांबता!

पहिल्या भेटीत मी चूक केली. प्रश्न ऐकला आणि उत्तर द्यायला बसले. पवित्र शास्त्रात वयाचा आकडा कुठेच नाही, हे सांगितलं. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी एका रात्रीत घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतो; त्या 'सगळ्यांत' पाळण्यातलं बाळ होतं की नाही, यावर दोन्ही बाजू आजही भांडतात. त्याच पुस्तकात कूशी (इथिओपियाचा) षंढ वाटेत पाणी दिसल्याबरोबर स्वतः विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? कॅथलिकांचा नियम पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, करावा असा, पण सात वर्षं पूर्ण झाली की त्या मुलाला मोठ्यांसारखी तयारी करावी लागते. काही मंडळ्या बारा धरतात, येशू बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता म्हणून. आणि बाप्तिस्मा त्यानं घेतला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, हे मात्र कोणी धरत नाही.

बाप मान डोलवत राहिला. जाताना म्हणाला, "म्हणजे नक्की किती?"

दुसऱ्या खेपेला मी मुलीला भेटले. एकटीला. बाप्तिस्मा म्हणजे काय, असं विचारल्यावर तिनं वर्गात शिकवलेलं घडाघडा म्हणून दाखवलं: ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं, त्याच्याबरोबर उठणं. एकही चूक नाही. इथेच आपण मोठी माणसं फसतो. पाठ म्हणता आलं की मूल तयार, असं धरून चालतो. मी स्वतः बाराव्या वर्षी सहा मुलांच्या घोळक्यात बाप्तिस्मा घेतला. माझीही सगळी उत्तरं बरोबर होती, आणि डोक्यात नंतरची बिर्याणी होती. तो बाप्तिस्मा खोटा होता असं मला वाटत नाही. पण माझ्या उत्तरांवरून पाळकांना माझ्याबद्दल काही कळलं असेल, असंही वाटत नाही.

म्हणून मी तिला विचारलं, हे मनात कधी आलं? ती जरा वेळ खुर्चीची कड खरवडत बसली. मग म्हणाली, "प्रभुभोजनाच्या वेळी ट्रे माझ्यावरून पुढे जातो." तिच्या मावसभावाचा बाप्तिस्मा झालाय, तो तिच्या शेजारी बसतो. म्हणून तो येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीची ती भाकर घेतो, आणि ट्रे तिच्या डोक्यावरून पलीकडच्या काकूंकडे. दर महिन्याला.

आपणही त्या पंगतीत असावं, असं वाटणं काही कमी प्रतीचं नाही. पण मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: "समजा पाळक म्हणाले, आणखी एक वर्ष थांबू या. मग?"

"मग आई रडेल," ती म्हणाली. "तिनं ग्रुपवर टाकलंय."

आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू आवाजात: पाण्याखाली तिला भीती वाटते. न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून ती आकडे मोजते. नऊपर्यंत जमतं. पाळक किती वेळ खाली धरतात, हे कोणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं.

माझ्यापुरती कसोटी हीच. मूल 'हो' किती ठाम म्हणतं, याला मी फारसं महत्त्व देत नाही. मुलं आपल्याला हवं ते ठामच म्हणतात. त्याला 'आत्ता नको' म्हणायची मुभा आहे का, ते बघते. मुभा असेल तर आठव्या वर्षीचा होकारही मी मानते. नसेल तर अठराव्या वर्षीचाही नाही. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा वेगळा. तिथे होकार आईबापांचा आणि मंडळीचा असतो, आणि तो तसाच उघडपणे दिलेला असतो.

आता बाप का थांबू म्हणत होता? तिसऱ्या भेटीत ते निघालं. लग्नाच्या वेळी बायकोच्या चर्चनं अट घातली होती: लहानपणी पाणी शिंपडलेलं चालणार नाही, पुन्हा घ्या. त्यानं घेतला. आईला नंतर कळलं, तेही तिसऱ्याकडून. तिच्या चर्चमध्ये, 1970 साली नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन ते बनलं तेव्हाच, बाळाचा आणि विश्वास कबूल केलेल्याचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य झालेले. पण एकदा झालेला पुन्हा द्यायचा नाही. तिनं मुलाला एवढंच विचारलं होतं, "मग मी तुला हातात घेऊन उभी होते, ते काय होतं?" त्याला उत्तर देता आलं नाही. बारा वर्षं दोघं त्या विषयावर बोललेली नाहीत. मुलीच्या वयाचा वाद खरं तर त्या प्रश्नाचा होता.

मी त्याला म्हटलं, नगरला जा आणि आईशी बोला. मुलीच्या नव्हे, तुमच्या बाप्तिस्म्याबद्दल. पंडिता रमाबाईंची गोष्टही सांगितली: 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी स्वतः समजून-उमजून बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. आईचा तो खरा आणि लेकीचा तो खोटा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिकडे नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये घेतला तरी लक्ष्मीबाई नवऱ्यामागून लगेच गेल्या नाहीत. मन वळल्यावर, काही वर्षांनी गेल्या. नगरच्या आजींना हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच फोनवर मला ऐकवलं, वर "सलाम, बाई" म्हणून फोन ठेवला.

मुलाला आजी काय म्हणाल्या, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मुलीच्या आईचं काम जास्त अवघड होतं. ग्रुपवर टाकलेलं मागे घ्यायला धीर लागतो. तिला दोन आठवडे लागले. पाळक समजूतदार निघाले: मुलीनं वर्गाला यावं, तारखेचं ती सांगेल तेव्हा बघू. पाण्याखाली दोन सेकंदही लागत नाहीत, हेही त्यांनी तिला कुंडाशी नेऊन दाखवलं. आणि ट्रे आता तिच्या डोक्यावरून जात नाही. ती तो दोन्ही हातांत धरते आणि पलीकडच्या काकूंना देते. भाकर घेत नाही अजून.

मे महिन्यात ती नगरला गेली होती. बापानं व्हिडिओ पाठवला. शेतातली विहीर, मुलीच्या पाठीला डबा बांधलेला, काका पाण्यात, आणि काठावर बसलेल्या आजी, ज्यांना पाणी शिंपडण्यापलीकडचं काही मान्य नाही, ओरडतायत: "नाक दाब गं, आधी नाक दाब, मग बुडी मार!"