मोठ्या बाई आणि भिंतीचा रंग

नौपाड्याहून एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलंय. वय 66. यजमान जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा-सून ऐरोलीला. अलीकडेच उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. त्या लिहितात : "ऑपरेशननंतर आरशात पाहिलं तर माझी आईच उभी! एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या? क्रीम रंगाची समजत होते ती स्वयंपाकघराची भिंत पांढरीशुभ्र निघाली. शाळेच्या व्हरांड्यातून मी निघाले की वर्ग चिडीचूप व्हायचे. आता दिवस-दिवस हाक मारायला कुणी नाही, घर खायला उठतं. सोसायटीच्या निवडणुकीला उभ्या राहा म्हणतात. राहू का? जुनी रंगपेटी माळ्यावरून काढून ठेवलीय, पण या वयात ते बरं दिसतं का?"

बाई, तुमच्या चार पानी पत्रात 'मोठ्या बाई' हे शब्द सात वेळा आलेत. मुलं तुम्हाला तसंच म्हणत असणार. यजमानांची आठवण येतेच, पण जीव सर्वांत जास्त तुटतो तो त्या हाकेसाठी, असं मला वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच दराऱ्याच्या जोरावर तुम्ही संस्थेशी भांडून मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलंत. अधिकार असा वापरणारी माणसं मला मनापासून आवडतात.

तरीही यंदा कमिटीवर जाऊ नका. मुदत पाच वर्षांची. पाण्याची टाकी, पार्किंग, थकबाकीदार यांत संध्याकाळी भरून जातील, पण मीटिंग आटोपून कुलूप उघडलंत की घर तसंच समोर येईल. आधी त्या घराशी जमवा. मग सोसायटीला तुमची गरज वाटली आणि तुम्हालाही त्या कामाची ओढ वाटली, तर खुशाल जा. जेवणावरची वासना उडाली असेल, झोप लागत नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा. आणि रविवारी ऐरोलीला जाताना 'येऊ का' असं विचारत बसू नका, 'येतेय' म्हणून कळवा.

आता रंगपेटी. भिंत पांढरी निघाली याचं कारण आपल्या डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. नवं भिंग स्वच्छ असतं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला 1912 साली मोतीबिंदू असल्याचं कळलं. रंग ओळखू येईनात, तेव्हा तो नळ्यांवरची नावं वाचून रंग घेई. 1923 साली, वयाच्या 82व्या वर्षी, त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग सगळं निळंच दिसतंय म्हणून तो वैतागला. डाव्या डोळ्याचं त्यानं करूनच घेतलं नाही. कमळांच्या तळ्याची त्याची ती अवाढव्य चित्रं याच काळातली. बरं दिसतं का, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

जलरंग हुकूम मानत नाही, हे आधीच सांगते. ओल्या कागदावर तो हवा तिकडे पसरतो. मोठ्या बाईंना याचा राग येईल, येऊ द्या. पहाटे सहाला तलावपाळीवर जाऊन बसा. कोपिनेश्वराची घंटा, फेऱ्या मारणारी माणसं, काठाला बांधलेल्या होड्या. तिथेही तुम्ही एकट्याच असाल, पण घरातल्यासारखं ते अंगावर येणार नाही. हातात काम असलं की एकांत सोसवतो, पुढे हवासाही वाटतो.

आईसारखा दिसणारा तो चेहरा इतक्यात काढू नका. आधी डावा हात टेबलावर ठेवून तो काढा : फुगलेल्या शिरा, बांगडीचा वळ, तुम्ही लिहिलंय तो करंगळीवरचा विळीचा व्रण. तासभर एखाद्या हाताकडे पाहिलं की तो म्हातारा आहे की तरुण, हे डोक्यातून जातं. तो सुंदर दिसायला लागतो. हे मी स्वतः अनुभवलंय.

आणि एक काम तातडीचं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे म्हणता. तोवर स्वयंपाकघराची ती भिंत एकदा डावा डोळा झाकून रंगवा आणि एकदा उजवा. दोन कागद, दोन भिंती. दिवाळीनंतर ती पिवळी भिंत तुम्हाला पुन्हा दिसणार नाही, आणि हाताशी जेमतेम दीड महिना आहे.