डॉक्टरेट घेऊनही पुन्हा वर्गात

प्रश्न: माझ्या मुलीने पुण्यात एलएलबी केलं, चार वर्षं कोर्टात प्रॅक्टिस केली, आता लग्न होऊन शिकागोला चाललीये. तिकडे म्हणे परत शिकावं लागेल, त्यामुळे ती फार खट्टू झालीये. पूर्वी कोणी असा बाहेरचा वकील तिकडे जाऊन उभा राहिलाय का हो ताई?
– एक आई, सातारा

उत्तर: राहिलाय ना, आणि तोही शिकागोच्याच राज्यात, इलिनॉयमधे. गुस्टाव्ह कोर्नर. मला हा माणूस फार आवडतो. जन्म 1809, जर्मनीतलं फ्रँकफर्ट, हायडेलबर्गहून कायद्याची डॉक्टरेट. 1833 च्या एप्रिलमधे क्रांती घडवायची म्हणून फ्रँकफर्टच्या पोलीस चौक्यांवर विद्यार्थ्यांनी हल्ला केला त्यात हा होता, उठाव फसला, हा जखमी झाला आणि फ्रान्समार्गे निसटून अमेरिकेत पोचला. मिसुरीत राहायचा विचार होता पण तिथली गुलामगिरी बघून नको वाटलं, मग इलिनॉयमधे बेलव्हिलला घर केलं.

डॉक्टरेट होती पण उपयोग काय, जर्मनीतला कायदा रोमन वळणाचा आणि इथला इंग्लंडकडून आलेला, जुन्या निकालांवर चालणारा, वर भाषा वेगळी. तर गडी सरळ केंटकीत लेक्सिंग्टनला जाऊन पुन्हा बाकावर बसला आणि 1835 ला वकिलीचा परवाना काढला. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, आसपास जर्मन लोकांची मोठी वस्ती, त्यांना इंग्रजीतला कायदा कळेना, म्हणून याने राज्यातले महत्त्वाचे कायदे जर्मनमधे आणून 1838 ला छापले. लोक नेमके कुठे अडतात हे परत शिकलेल्यालाच माहीत असतं ना!

मग राजकारण आलंच. 1842 ला विधानसभा, 1845 पासून तीन वर्षं राज्याच्या सुप्रीम कोर्टात जज, 1853 ते 57 लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे राज्याच्या गव्हर्नरच्या खालोखालचं पद, आणि तेही बाहेरून आलेल्यांच्या विरोधात अख्खा पक्ष उभा राहिला होता त्या काळात. होता डेमोक्रॅट, पण नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट करून देणारा 1854 चा कायदा आला आणि पक्षाशी फाटलं, पुढे रिपब्लिकन झाला. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनशी इतका घरोबा की 1865 ला स्प्रिंगफील्डला त्याच्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांत हा होता.

तुमच्या मुलीचं याच्यापेक्षा सोपंय, आपला कायदाही इंग्लंडच्याच वळणाचा आणि इंग्रजी तर तिला येतेच. फक्त परवान्याचे नियम तिकडे प्रत्येक राज्याचे वेगळे, तेव्हा कॉलेजची फी भरायच्या आधी इलिनॉयचे नियम नीट बघून घे म्हणावं.