बर्फाने आराम पडतो म्हणजे दुखणं स्नायूचंच, असं कोणी लिहू देऊ नकोस

अगं, गरम पिशवीने जळजळ वाढते, बर्फाने बरं वाटतं, पण आई म्हणते थंडाने पाळी अडेल, हे तुझं वाचलं आणि राहवलंच नाही, माझंही सेम होतं. एकेरीत बोलतेय, राग मानू नकोस. मी डॉक्टर नाही, एंडोची, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) पेशंट आहे एवढंच.

आईला सांग, पाळीबिळी अडत नाही. पॅकचा गारवा कातडी आणि तिच्या खालच्या थरापर्यंतच पोचतो, तिथल्या नसा जरा बधिर होतात म्हणून कळ कमी जाणवते. आजार आहे तिथेच राहतो. पेटके येऊन ओटीपोट आवळतं तेव्हा मला अजूनही शेकच लागतो, आणि पाळीच्या दुखण्यावर अभ्यासही शेकाचेच जास्त झालेत. ठणका आणि जळजळ असेल तर मात्र बर्फ. जेल पॅक सुती कपड्यात गुंडाळून 10-15 मिनिटं, बस. कातडीला डायरेक्ट लावायचा नाही, पॅक ठेवून झोपायचं नाही. थंडीत बोटं पांढरी पडत असतील किंवा त्या जागी बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोंबिवलीहून निघालेला पॅक दादरपर्यंत कोमट होतो, म्हणून मी एक ऑफिसच्या फ्रीजरमध्येच ठेवते, डब्यात घालून, वर नाव लिहून.

आता मुद्द्याचं. एका क्लिनिकमध्ये मी सहज बोलून गेले की बर्फाने आराम पडतो, तर त्यांनी फाईलवर लिहून टाकलं 'मस्क्युलर पेन'. सोनोग्राफी नॉर्मल, मग काय, कंबरेचे एक्सरे, व्यायाम, पेनकिलर. पाळीत शौचाला बसलं की जीव जातो हे मी दरवेळी सांगत होते, त्याचं एक अक्षर लिहिलं नाही. आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी ती फाईल उघडायचा आणि तिथूनच पुढे सुरू करायचा. वर्षं गेली गं यात! शेवटी लॅपरोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघितल्यावर, गर्भाशयामागे आतडं चिकटलेलं निघालं. बाळंतपणाच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना होणारा आजार आहे हा, आणि साध्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) दिसते पण पोटाच्या अस्तरावरचे बारीक डाग बहुतेक वेळा दिसतच नाहीत, हे तिथे बसलेल्यांना माहीत नसावं? अजूनही चीड येते.

म्हणून माझं ठाम मत, बर्फ-शेक नंतर, आधी कागद. पाळीचा कितवा दिवस, शौच, लघवी, संबंधांच्या वेळी दुखतं का, पायात कळ जाते का, सगळं लिहून ने आणि ते केसपेपरवर घ्यायला लाव. एंडोच शोधणाऱ्याकडून सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेता आला तर बघ. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत गायनॅक ओपीडी आहे, गर्दीची तयारी ठेवून जा. एंडोत ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आखडतात, त्यासाठी पेल्विक फ्लोअर फिजिओ वेगळा असतो, मला त्याचा फायदा झाला, तुला होईलच असं नाही.

अजून एक, पाळीच्या दुखण्यावरच्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या मनाने घेत असशील तर जपून. 2023 च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्यावर अलर्ट काढला होता, अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठ. आणि अचानक एका बाजूला असह्य कळ, ताप, चक्कर असं काही झालं तर बर्फ लावून वाट बघू नकोस, रात्र असली तरी सरळ कॅज्युअल्टीत जा.